योजना गड्यासाठीं, कीं गडी योजनेसाठीं?

शिंप्याकडे आपण सदरा शिवावयास टाकतो, तेव्हां तो प्रथम आपलें माप घेतो आणि मग कापडाला कात्री लावतो. माप न घेतांच सदरा शिवून, "आतां तूंच या सदऱ्याच्या बेताचा हो," असें एखादा शिंपी म्हणूं लागला तर आपण त्याला हंसूं. परंतु नेमकी हीच गोष्ट आपल्या शाळांच्या क्रीडांगणांवर दर वर्षीं घडते, आणि तिला मात्र कोणी हंसत नाहीं. फुटबॉलच्या संघाची चढाईची योजना आधीं ठरते. ती पार पाडणारा मुलगा कोण आहे, त्याच्या पायांत कोणतें सामर्थ्य आहे, हें मागाहून पाहिलें जातें, किंवा मुळींच पाहिलें जात नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, संघांत चेंडू पुढें देण्याचें काम ज्याच्याकडे असेल त्याचे गुण आधीं ओळखावेत आणि मगच पासांची योजना आंखावी. योजना गड्यासाठीं आहे. गडी योजनेसाठीं नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं पाहिलेल्या एका आंतरशालेय सामन्याचें उदाहरण घेऊं. शाळेचें व मुलाचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. नागपूरची काळी माती पावसांत कशी होते हें नागपूरकरांस सांगावयास नको. बुटांच्या तळांना तिचे थर चिकटतात आणि जमिनीलगत जोरानें मारलेला चेंडूही मध्येंच रुतून बसतो. त्या संघाच्या मधल्या फळींत एक ठेंगणा, अबोल मुलगा खेळत होता. तो एका अरुंद गल्लींत खेळून तयार झालेला. गल्लींत लांब मारावयास जागाच नसते; मारलाच तर चेंडू कोणाच्या तरी अंगणांत, नाहीं तर गटारांत जातो. त्यामुळें असा मुलगा आखूड पास अचूक द्यावयास शिकतो; चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच तो कोणास द्यावयाचा हें त्याच्या मनांत ठरलेलें असतें. आदल्या वर्षीं त्याच्या जागीं एक उंच, दणकट मुलगा होता. त्याचा फटका मैदानाच्या मध्यापासून थेट कडेच्या फॉरवर्डच्या पुढें जाऊन पडे, आणि त्या फटक्यावर शाळेनें कांहीं सामने जिंकलेही होते. तो मुलगा दहावी उत्तीर्ण होऊन निघून गेला. योजना मात्र शाळेंतच राहिली.

मग व्हावयाचें तेंच झालें. ठेंगण्या मुलास सांगण्यांत आलें कीं, चेंडू मिळाला कीं लांब मार. त्यानें मारला, तो निम्म्या वाटेवर पडला आणि प्रतिपक्षानें उचलला. दोनदां, चारदां असें झालें. कडेला छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या वडील मंडळींपैकीं कोणी ओरडले, "अरे, लांब मार, लांब! पायांत जोर नाहीं काय?" उत्तरार्धांत त्या मुलानें चेंडू मागणेंच सोडून दिलें. तो गड्यांच्या आड उभा राहूं लागला. सामना तीन गोलांनीं गेला. त्या तीन गोलांचें आम्हांस फारसें दुःख झालें नाहीं. खेळांत हारजीत चालावयाचीच. पण ज्याला चेंडू देतां येतो असा मुलगा चेंडू टाळूं लागला, ही हानि मोठी होती. ती गुणफलकावर दिसत नाहीं इतकेंच.

हा प्रश्न अगदीं उघड्या स्वरूपांत पाहावयाचा असेल तर एका परदेशी खेळाकडे वळावें लागतें. अमेरिकेंत एक खेळ आहे. त्यालाही तेथें फुटबॉलच म्हणतात. आपल्या मुलांनीं तो दूरचित्रवाणीवर पाहिला असेल. त्यांतील चेंडू लांबट, दोन्ही टोंकांस निमुळता असतो. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर खेळतात. चढाई करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार संधि मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड साधले तर पुन्हां चार संधि, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाचा. चढाईचें सूत्र ज्याच्या हातीं असतें त्याला 'क्वार्टरबॅक' म्हणतात. बहुतेक प्रत्येक डावांत चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो. तो स्वतः धांवेल, दुसऱ्याच्या हातांत देईल किंवा पुढें धांवत जाणाऱ्या सोबत्याकडे फेंकील. अंगावर धांवून येणारे प्रतिपक्षाचे गडी त्याला विचार करावयास दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ क्वचितच देतात. आपल्या फुटबॉलमध्यें पास देण्याचें काम अकरा जणांत वांटलेलें असतें. तेथें तें बव्हंशीं एकाच्या हातीं एकवटलेलें आहे. म्हणून योजना आणि गडी यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें तेथें भिंगांतून पाहावें तसें दिसतें.

त्या खेळांतील सिनसिनाटी या नगराच्या संघाची हकीकत मनन करण्याजोगी आहे. १९६९ सालीं त्या संघांत ग्रेग कुक नांवाचा तरुण क्वार्टरबॅक आला. त्याच्या हातांत विलक्षण जोर होता. चेंडू दूरवर, प्रतिपक्षाच्या बचावाच्या पलीकडे फेंकावा, ही योजना त्याला शोभणारी होती. परंतु पहिल्याच वर्षीं त्याचा खांदा दुखावला आणि त्याची कारकीर्द जवळजवळ तेथेंच संपली. पुढच्या वर्षीं त्याच्या जागीं व्हर्जिल कार्टर आला. याचा हात कुकच्या मानानें दुबळा. लांबचा चेंडू त्याला साधत नसे. पण त्याची नजर तीक्ष्ण होती, पाय चपळ होते आणि जवळचा चेंडू तो नेमका हातांत नेऊन ठेवी. आतां संघाचे सहायक प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्यापुढें दोन मार्ग होते. कुकसाठीं शिवलेला सदरा कार्टरच्या अंगांत कोंबावयाचा, किंवा नवें माप घ्यावयाचें. त्यांनीं नवें माप घेतलें. मैदानाच्या लांबीऐवजीं त्यांनीं रुंदीचा उपयोग केला. आखूड, ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या जागीं द्यावयाचे पास त्यांनीं आंखले. जे गडी पूर्वी केवळ धांवण्यासाठीं ठेवीत त्यांनाही पास घ्यावयास लावलें. एका फेकींत चाळीस यार्ड मिळविण्यापेक्षां पांच-सहा यार्डांचे तुकडे गोळा करून चेंडू आपल्याच ताब्यांत ठेवावा, असा तो विचार होता.

फळ तत्काळ मिळालें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १९७० सालच्या पहिल्या सात सामन्यांपैकीं सहा सामने तो संघ हरला. उरलेले सातही सामने त्यानें जिंकले आणि आपल्या गटांत पहिला क्रमांक मिळविला. १९७१ सालीं सोबत्यांच्या हातीं बिनचूक पोंचलेल्या पासांच्या प्रमाणांत कार्टर त्या व्यावसायिक संघांच्या सबंध मंडळांत पहिला आला. त्याच्या शंभर पासांपैकीं सुमारें बासष्ट पास साधले. पुढें वॉल्श सान फ्रान्सिस्कोच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेथें १९७९ सालीं त्यांनीं जो मोंटाना या तरुणाची निवड केली. त्याच्याही हातांत असामान्य जोर नव्हता. निवडीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत त्याला कोणत्याच संघानें घेतलें नव्हतें. दुबळ्या हाताच्या एका गड्यासाठीं आंखलेल्या त्याच विचारावर या दोघांनीं मिळून राष्ट्रीय अजिंक्यपद तीनदां मिळविलें. ज्या पद्धतीची पुढें जगभर वाखाणणी झाली, तिचा जन्म एका उणीवेकडे प्रामाणिकपणें पाहण्यांतून झाला होता.

परदेशचें उदाहरण दिलें म्हणून आपल्या देशांत असे गुरु झाले नाहींत असें कोणी समजूं नये. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. १९५० पासून १९६३ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत भारताच्या फुटबॉल संघाची जोपासना त्यांनीं केली. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें भारताचा १०-१ असा पराभव केला. त्यानंतर चारच वर्षांनीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारतानें यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरवून उपांत्य फेरी गांठली आणि अखेर चौथा क्रमांक मिळविला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या चार गोलांपैकीं तीन गोल मूळच्या गोव्याच्या व मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. उपांत्य सामन्यांत त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनींच केला. सामना मात्र आपण ४-१ असा गमावला.

रहीमसाहेबांच्या दृष्टीची खरी कसोटी १९६२ सालीं जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत लागली. संघाचा बचाव ज्यांच्यावर उभा होता त्या जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली. बचावांतील गडी आतां निकामी झाला, असें दुसऱ्या कोणीं म्हटलें असतें. रहीमसाहेबांनीं त्या मनुष्याच्या ठिकाणीं अजून काय शिल्लक आहे तें पाहिलें. दणकट शरीर, जोरकस धांव आणि न हटणारें मन हीं तर जखमेनें गेलीं नव्हतीं. त्यांनीं जर्नेलसिंगांस आघाडीला उभें केलें. उपांत्य सामन्यांत त्यांनीं गोल केला, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यांतही केला. तो सामना २-१ असा जिंकून भारतानें सुवर्णपदक मिळविलें. आघाडीचा गडी बदलला कीं त्याला चेंडू कसा द्यावयाचा हेंही बदलतें. चपळ गड्याला मोकळ्या जागेंत, तर दणकट गड्याला थेट अंगावर चेंडू द्यावा लागतो. म्हणून देणाऱ्याचें माप घेतांना घेणाऱ्याचेंही घ्यावें लागतें.

आतां पुन्हां आपल्या नागपुराकडे येऊं. येथेंच २००१ सालीं हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं भर पावसांत वस्तींतील कांहीं मुलांना एका फुटक्या बादलीशीं फुटबॉल खेळतांना पाहिलें. त्या मुलांपाशीं मैदान नव्हतें, बूट नव्हते, चेंडूही नव्हता. नव्हतें त्याची यादी करीत न बसतां होतें तें त्यांनीं पाहिलें, आणि त्यांतून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. त्या चळवळींतील मुलें पुढें बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेपर्यंत गेलीं. ती स्पर्धा लहानशा मैदानावर, चार-चार गड्यांत खेळली जाते. तेथें लांब फटक्याला वावच नाहीं. गल्लींत शिकलेला आखूड पासच तेथें उपयोगी पडतो. ज्या पासाबद्दल आमच्या त्या ठेंगण्या मुलानें बोलणीं खाल्लीं, तोच पास योग्य योजनेंत बसला तर परदेशच्या मैदानापर्यंत नेऊं शकतो.

मग शाळेच्या संघानें काय करावें? आमच्या अल्प मतीप्रमाणें हंगामाच्या आरंभींचे आठ दिवस योजनेचा शब्दही न काढतां केवळ पाहण्यांत घालवावेत. मधल्या फळीचा मुलगा मोकळा असतांना चेंडू कोठें देतो, हें पाहावें. आणि अंगावर दोघे धांवून आले असतां कोठें देतो, हेंही पाहावें. पहिल्यांत त्याची हौस दिसते, दुसऱ्यांत त्याचा खरा गुण दिसतो. तो धांवतांना चांगला पास देतो कीं थांबून? उजव्या बाजूस देतो कीं डाव्या? चेंडू येण्यापूर्वीं तो मान वर करून पाहतो कीं नाहीं? या प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून ठेवावींत. गडी आखूड पासांत तरबेज असेल तर सोबत्यांनीं त्याच्यापासून दूर पळूं नये. दोघे-तिघे सदैव त्याच्या जवळपास, निरनिराळ्या कोनांत उभे असावेत. त्याचा फटका लांबचा असेल तर उलट कडेच्या फॉरवर्डांनीं लवकर धांव घ्यावी. आणि ज्याला धांवतां धांवतां अधिक सुचतें त्याच्यापुढें मैदान मोकळें करून द्यावें. शिवाय जमिनीचाही विचार सोडूं नये. सुब्रतो करंडकाच्या शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहेत. त्यांच्या आरंभींच्या फेऱ्या आपल्याकडे बहुधा पावसाळ्यांतच येतात. चिखलांतील पास आणि हिवाळ्यांतील टणक जमिनीवरचा पास या दोन वेगळ्या विद्या आहेत.

यावर कांहीं आक्षेप येतील, आणि ते योग्यच आहेत. पहिला असा कीं, मुलाच्या आवडीप्रमाणें योजना केली तर त्याच्या उणीवा तशाच राहतील. शाळा तर उणीवा भरून काढण्यासाठींच आहे. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु उणीव भरून काढण्याची जागा सराव ही आहे, सामना नव्हे. रहीमसाहेब सरावासाठीं अशाही स्पर्धा भरवीत कीं, ज्यांत गड्यानें केवळ आपल्या दुबळ्या पायानेंच चेंडू मारावयाचा. पण ऐन सामन्यांत त्यांनीं गड्यास त्याच्या बळावर उभें केलें. विद्यार्थ्याला कच्च्या विषयाची शिकवणी वर्षभर द्यावी. परीक्षेच्या दिवशीं मात्र त्याला येणारा प्रश्न आधीं सोडवावयास सांगावें, तशीच ही रीत आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, एकट्याच्या गुणांवर सगळी चढाई बेतली तर तो पडला कीं संघ पडला. आणि प्रतिपक्षालाही त्याचा एकच गुण लवकर उमगतो. हाही धोका खरा आहे. कुकचा खांदा दुखावला तेव्हां हेंच संकट आलें होतें. परंतु त्यांतून सिनसिनाटीचा संघ वांचला तो जुन्या योजनेला चिकटून नव्हे, तर नव्या गड्याचें नवें माप घेऊन. म्हणून प्रत्येक संघानें दुसऱ्या पास देणाऱ्याचेंही माप आधींच घेऊन ठेवावें आणि त्याच्यासाठीं वेगळी, साधी योजना तयार ठेवावी. पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना शरीराचा दाखला दिला आहे. सगळेंच शरीर डोळा असेल तर ऐकावयाचें कोणीं, असा त्याचा भाव आहे. डोळ्याला डोळ्याचें आणि पायाला पायाचें काम देणें यांत कोणाचा पक्षपात नाहीं. त्यांतच शरीराचें ऐक्य आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण सर्वांत प्रबळ तोच आहे. तो म्हणजे, "गेल्या वर्षीं आपण असेंच जिंकलों." यशस्वी योजनेचा मोह सुटणें कठीण असतें. पण गेल्या वर्षीं योजना जिंकली नाहीं. त्या योजनेंत बसलेला मुलगा जिंकला. तो गेला त्या दिवशींच ती योजना अर्धी मेली.

आतां पालकांस दोन शब्द. आपण मैदानाच्या कडेला उभे राहून जें ओरडतां, तें मुलाला प्रशिक्षकाच्या शब्दापेक्षां अधिक लागतें. कारण तो आवाज घरचा असतो. त्याच्याजवळ नसलेला फटका त्याच्याकडे मागूं नका. घरीं आल्यावर "किती गोल झाले?" असें विचारण्यापूर्वीं "आज तूं दिलेले किती पास सोबत्यांच्या पायांत पोंचले?" असें एकदां विचारून पाहा. मुलाच्या चेहऱ्यांत पडलेला फरक आपणांस दिसेल. आणि हीच कसोटी अभ्यासालाही लावून पाहावी. थोरला भाऊ गणितांत पुढें होता म्हणून धाकट्यासाठीं तीच वाट आंखून ठेवणें म्हणजे कुकचा सदरा कार्टरला घालणेंच होय.

त्या ठेंगण्या मुलाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. पावसाळा संपल्यावर त्याच्या शिक्षकांनीं योजना बदलली. दोन सोबती त्याच्या डाव्या-उजव्या हाताशीं ठेवले आणि लांब फटक्याची सक्ति काढून टाकली. पुढच्याच सराव-सामन्यांत तो संघ मोठ्या फरकानें जिंकला, असें लिहितां आलें असतें तर आम्हांस आनंद झाला असता; पण तसें झालें नाहीं. सामना बरोबरींत सुटला. मात्र शेवटचीं दहा मिनिटें तो मुलगा हात वर करून चेंडू मागत होता, आणि सोबती त्याला तो देत होते. आमच्या दृष्टीनें त्या दिवशीं मिळविण्यासारखें जें होतें तें मिळालें.

येत्या हंगामांत आपल्या शाळेचा संघ निवडला जाईल, तेव्हां फळ्यावर बाण काढण्यापूर्वीं आपण एक प्रश्न स्वतःस विचारावा: हे बाण कोणाच्या पायांतून निघावयाचे आहेत? त्या मुलाचें माप घ्या आणि मग खुशाल कात्री लावा.